खिडकी बदलताय? आधी ऊन कुठून येतं ते बघा

मागच्या वर्षी मे महिन्यात मी बंगळुरूहून नागपूरला घरी गेले. बॅग खाली ठेवायच्या आत आई म्हणाली, ''हातपाय नंतर धू, आधी आजीच्या खोलीतल्या नव्या खिडक्या बघ.'' जुन्या सागवानी पल्ल्यांना वाळवी लागली होती. म्हणून बाबांनी तीन खिडक्या बदलून घेतल्या होत्या. पांढऱ्या शुभ्र यूपीव्हीसी चौकटी, सरकणाऱ्या मोठ्या काचा, मच्छरजाळी. तिन्ही मिळून ४० हजारांच्या वर खर्च झाला होता. ''एनर्जी सेव्हिंग विंडो आहेत, खोली थंड राहील'' असं दुकानदाराने सांगितलं होतं.

दिसायला खोली खरंच सुंदर झाली होती. आजी मात्र पलंगाच्या कोपऱ्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, ''पोरी, खिडकी छान दिसते गं, पण यांनी मला भट्टीत बसवलं आहे.''

आम्ही ते हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आजीला चक्कर आली. ती ८२ वर्षांची आहे. डॉक्टरांनी तपासलं, ओआरएस दिलं आणि एकच प्रश्न विचारला, ''या दुपारी कुठल्या खोलीत असतात?''

त्या रात्री बाबा खूप वेळ गप्प होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून त्यांनी आईसाठी केलेला हा पहिला मोठा खर्च होता. चूक त्यांची एकट्याची नव्हती. फोटो पाहून 'मस्त दिसतंय' असं उत्तर मीही पाठवलं होतंच. खिडकी विकत घेताना नेमकं काय बघायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून या वेळचं सदर खिडक्यांवर.

खिडकीतून गरमी येते कशी?

खिडकीतून उष्णता तीन वाटांनी घरात येते. पहिली वाट थेट उन्हाची. काचेवर ऊन पडतं, आरपार येतं, जमीन आणि पलंग तापवतं. दुसरी वाट काच आणि चौकट यांच्यातून. बाहेर ४५ अंश आणि आत २६ अंश असेल तर उष्णता काचेतून हळूहळू आत झिरपत राहते. तिसरी वाट फटींची. पल्ला आणि चौकट यांच्यामधून गरम हवा आणि धूळ आत येते, एसीची गार हवा बाहेर जाते.

या तीन वाटांसाठी वेगवेगळे उपाय आहेत. दुकानात मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ''डबल काच लावा.''

थोडा ढोबळ हिशेब करून पाहू. चार फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे दीड चौरस मीटरची पश्चिमेकडची खिडकी घेऊ. मे महिन्यातल्या दुपारी चार-साडेचारला उभ्या पश्चिम काचेवर चौरस मीटरमागे ५०० वॅट ऊन पडतंय असं धरू. साध्या एकेरी काचेतून उन्हाची सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. म्हणजे नुसत्या उन्हाने ६०० वॅट. बाहेर ४५ आणि आत २६ अंश असताना काचेतून झिरपणारी उष्णता साधारण १६५ वॅट. एकूण झाले ७६५ वॅट. भर मे महिन्यात खोलीत छोटा हीटर लावून ठेवण्यासारखंच हे आहे.

आता तिथे साधी पारदर्शक डबल काच लावली तर? झिरपणारी उष्णता निम्मी होऊन ८० वॅटवर येईल, पण ऊन अजूनही ७० टक्के आत येईल. एकूण सुमारे ६०० वॅट. एवढा खर्च करून फायदा २० टक्क्यांच्या आसपास.

आणि जुनी एकेरी काचच ठेवून बाहेरून बांबूची चिक सोडली तर? चिकेने तीन-चतुर्थांश ऊन अडवलं असं धरलं तर एकूण आकडा ३१५ वॅटच्या आसपास येतो. उष्णता परतवणारा लेप असलेली महागडी लो-ई डबल काच लावली तर तो साधारण २७५ येतो. म्हणजे बाहेरची साधी चिक महागड्या काचेच्या अगदी जवळ पोहोचते.

आमच्या घरी काय चुकलं ते या हिशेबात दिसतं. जुने लाकडी पल्ले दुपारी बंद असायचे, त्यामुळे ऊन खोलीबाहेरच थांबायचं. बाहेर खसची चिक होती, ती 'लूक बिघडतो' म्हणून काढून टाकली. त्या जागी आली पारदर्शक काच. चौकट नवी होती, पण आजीला मिळणारी सावली गेली होती.

पडदा आत की बाहेर?

खूप जण म्हणतील, जाड पडदे लावा की. पडद्याने फरक पडतो, पण कमी. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आली. मग पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच सोडतो. तीच सावली काचेच्या बाहेर असेल तर उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी बाहेरची सावली, मग काच, मग आतला पडदा. पडदा लावायचाच असेल तर त्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट रंगाची असू द्या.

दिशा ओळखा, मग पैसे खर्च करा

घरातल्या सगळ्या खिडक्यांना एकच काच लावण्याची गरज नसते. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि प्रत्येक खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कागदावर लिहा.

दक्षिण : उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जाही चांगलं काम करतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली कललेला असतो. तेव्हाचं हवंहवंसं ऊन छज्ज्याखालून आत येतं.

पश्चिम : ही सर्वात अवघड दिशा. संध्याकाळचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे छज्जा त्याला अडवू शकत नाही. इथे समोरून किंवा बाजूने आडोसा हवा. चिक, बाहेरचे लाकडी किंवा धातूचे पल्ले, जाळी, मांडवावर चढवलेला वेल असं काहीही चालेल. चांगल्या काचेवर पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी याच खिडकीवर करा.

पूर्व : इथेही सूर्य खालून येतो, पण सकाळी हवा गार असते, म्हणून त्रास कमी. उन्हाळ्यात नऊ-दहाच्या पुढे सावली करा.

उत्तर : दिवसभर शांत, एकसारखा उजेड. अभ्यासाचं टेबल किंवा ओटा इथे छान. साधी काचही पुरते.

तीन आकडे, जे विचारलेच पाहिजेत

दुकानात 'एनर्जी सेव्हिंग' या शब्दावर समाधान मानू नका. काचेची माहितीपत्रिका मागा. तिच्यात तीन आकडे असतात.

पहिला एसएचजीसी. उन्हातली किती उष्णता आत येते ते हा आकडा सांगतो. ०.८ म्हणजे ८० टक्के, ०.३ म्हणजे ३० टक्के. भारताच्या बहुतेक भागात हाच आकडा सर्वात महत्त्वाचा. पश्चिमेच्या खिडकीसाठी तो ०.३ च्या आसपास असेल तर उत्तम.

दुसरा यू-व्हॅल्यू. आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता झिरपते ते यावरून कळतं. साध्या एकेरी काचेची सुमारे ५.८, साध्या डबल काचेची २.८ च्या जवळपास, लो-ई डबल काचेची साधारण १.८. आकडा जितका कमी तितकं चांगलं.

तिसरा व्हीएलटी, म्हणजे किती उजेड आत येतो. हा विसरू नका. गडद काळी काच लावली की गरमी थोडी कमी होते, पण ती काच स्वतः तापते आणि उजेड इतका कमी होतो की भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. चांगली लो-ई काच उजेड बऱ्यापैकी आत येऊ देते आणि उष्णता अडवते.

दुकानदाराला एवढं जरूर विचारा, ''हे आकडे फक्त काचेचे आहेत की चौकटीसह पूर्ण खिडकीचे?'' चौकट खराब असेल तर चांगल्या काचेचा फायदा कमी होतो.

तुमच्या शहराची हवा कशी आहे?

आपल्या देशात इमारतींसाठी हवामानाचे पाच विभाग मानले जातात. उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मावशीच्या मुंबईच्या घरात जे चालतं ते माझ्या नागपूरच्या घरात चालेलच असं नाही.

मुंबई, गोवा, चेन्नई : हवा दमट. इथे वारा खेळता राहणं सर्वात महत्त्वाचं. बाहेर ३३ आणि आत २६ अंश म्हणजे फरक फक्त सात अंशांचा, त्यामुळे डबल काचेचा फायदाही कमी. मोठ्या उघडणाऱ्या खिडक्या, समोरासमोरचा वारा आणि पावसापासून बचाव करणारा खोल छज्जा यांवर खर्च करा. काच बंद ठेवून एसी रोज अनेक तास चालत असेल किंवा रस्त्याचा खूप गोंगाट असेल, तरच डबल काचेचा विचार करा.

अहमदाबाद, जोधपूर, सोलापूर : उष्ण आणि कोरडं. दिवसा खिडक्या बंद आणि सावलीत, रात्री सताड उघड्या. आजीच्या पिढीचा हाच नियम होता.

नागपूर, दिल्ली : संमिश्र हवा. उन्हाळा कडक, हिवाळा बोचरा, मध्ये पावसाळ्याची घामट हवा. म्हणून सावली अशी हवी की जी हिवाळ्यात गुंडाळून ठेवता येईल. चिक इथे का टिकून आहे ते यावरून कळतं.

बंगळुरू : हवा सौम्य. सावली आणि खेळता वारा असेल तर बहुतेक दिवस एसीशिवाय जातात. मी भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहते, तिथे साध्या काचेवर माझं छान भागतं.

शिमला, लेह : इथे हिशेब उलटा. ऊन आत यायला हवं आणि आतली ऊब बाहेर जायला नको. म्हणून यू-व्हॅल्यू कमी, पण दक्षिणेच्या खिडकीची एसएचजीसी जास्त हवी. लो-ई काचेचेही प्रकार असतात. थंड प्रदेशासाठी बनवलेली काच उष्ण शहरात लावली तर ऊन आत येतच राहील.

सरकणारी की उघडणारी?

सरकणारी खिडकी जागा अडवत नाही, दिसायला आधुनिक वाटते. पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी जवळजवळ ९० टक्के उघडते आणि बंद केल्यावर रबरावर घट्ट बसते, त्यामुळे फटीही कमी राहतात.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. ती मोठ्या गृहप्रकल्पांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, पण तिच्यातले काही आकडे आपल्यालाही उपयोगी पडतात. संमिश्र हवेच्या शहरात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के इतकी उघडणारी जागा हवी. उष्ण-दमट शहरात १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. उष्ण-कोरड्या भागात १० टक्के. खिडक्या भिंतींच्या ३० टक्क्यांपर्यंत असतील तर काचेतून किमान २७ टक्के उजेड यायला हवा, असंही ती सांगते.

आजीची खोली १२० चौरस फुटांची आहे. १२.५ टक्क्यांनी १५ चौरस फूट उघडायला हवं. चार बाय चारच्या सरकत्या खिडकीतून मिळतं फक्त आठ. ''वारा कुठे गेला?'' असं आजी रोज विचारायची, त्याचं उत्तर मला या गुणाकारात मिळालं.

कूलर असेल तर सावधान

विदर्भात, मध्य प्रदेशात, राजस्थानात उन्हाळा अजून कूलरवर चालतो. एसी बंद खोलीत काम करतो, कूलर मात्र उघड्या खोलीत. तो बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, त्यामुळे तितकीच हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. वाट मिळाली नाही तर खोलीत दमटपणा साचतो, घाम सुकत नाही आणि गुदमरल्यासारखं होतं.

आमच्याकडे हेच झालं. नव्या खिडकीच्या अर्ध्या भागात कूलरचं तोंड बसवलं, बाकीची काच बंद. वरच्या जुन्या झरोक्याला कारागिराने पक्की काच लावून टाकली होती. कूलर दिवसभर चालू, तरी आजी घामाने चिंब. तुमच्या घरात कूलर असेल तर खिडकीची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी ठरवा. कूलर कुठे बसणार आणि हवा कुठून बाहेर जाणार.

चौकट कशाची घ्यावी?

लाकूड उष्णता कमी वाहून नेतं आणि सुंदर दिसतं, पण वाळवी, पाऊस आणि पॉलिश यांची काळजी घ्यावी लागते.

अॅल्युमिनियम हलकं, मजबूत आणि टिकाऊ. पण ते उष्णता झपाट्याने वाहून नेतं. एसीच्या खोलीसाठी घेत असाल तर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या मध्ये उष्णतारोधक पट्टी असलेलं घ्या. त्याला थर्मल ब्रेक म्हणतात.

यूपीव्हीसी उष्णता खूप कमी वाहून नेतं, रंगवावं लागत नाही आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजत नाही. मात्र आत लोखंडी पट्टी आहे का, ते पाहा. स्वस्त माल कडक उन्हात पिवळा पडतो, ठिसूळ होतो.

चौकट कुठलीही असो, पाणी बाहेर जाण्यासाठी खाली छिद्रं आहेत ना, ते तपासा. नाहीतर पहिल्याच पावसात रुळात पाणी साचून आत येतं. चौकट आणि भिंत यांच्यातली फट नीट भरलेली आहे, हे कारागीर समोर असतानाच बघून घ्या.

ऑर्डर देण्यापूर्वी

डबल काच ओळखायला सोपी युक्ती आहे. अंधारात काचेसमोर मोबाइलचा टॉर्च धरा. डबल काचेत चार प्रतिबिंबं दिसतात आणि लो-ई लेप असेल तर त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं.

दोन काचांच्या मध्ये बाष्प जमणार नाही याची हमी लेखी घ्या. एकदा आत ओल शिरली की ती काच बदलावीच लागते.

डबल काच जागेवर कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्यायला सांगा.

लहान मुलं असतील किंवा काच जमिनीपर्यंत असेल तर टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच घ्या. ग्रिलचा एक भाग आतून उघडता येईल असा ठेवा, आगीसारख्या प्रसंगी तोच बाहेर पडायचा मार्ग असतो.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरून दिसणारा बदल करण्याआधी परवानगी घ्या. चिकेसाठीसुद्धा.

नवी खिडकी परवडत नसेल तर

भाड्याचं घर असेल किंवा सध्या पैसे नसतील, तरी बरंच काही करता येतं.

फटी शोधा. पंखा बंद करून खिडकीच्या कडेने पेटती अगरबत्ती फिरवा, पडद्यापासून जरा लांब. धूर जिथे हलतो तिथे फट आहे. दुसरी युक्ती म्हणजे पल्ल्यात कागद धरून खिडकी बंद करा. कागद सहज ओढून निघाला तर तिथलं रबर सैल झालं आहे. हार्डवेअरच्या दुकानात चिकटणारी रबर किंवा फोमची पट्टी मिळते, ती घरीही लावता येते.

पश्चिमेला बाहेरून चिक, खसची ताटी किंवा हिरवी जाळी लावा. ती काचेपासून चार बोटं दूर असू द्या, म्हणजे मधून हवा वाहील.

काचेवर ऊन रोखणारी फिल्म लावता येते, पण डबल किंवा लॅमिनेटेड काचेवर लावण्याआधी काच बनवणाऱ्याला विचारा. चुकीच्या फिल्ममुळे काच तापून तडकू शकते.

एसी २४ अंशांवर किंवा त्याहून वर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. खिडकीवर सावली असेल तर २६ अंशांवरही खोली छान वाटते.

आजीच्या खोलीत आता

नव्या खिडक्या काढून टाकणं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही. बाबांनी माळ्यावरून जुनी चिक शोधली, ती फाटली होती. नवी बांबूची चिक आणून पश्चिमेच्या खिडकीबाहेर सोडली. झरोक्याची पक्की काच काढून तिथे उघडझाप होणाऱ्या पट्ट्या बसवल्या. कूलर पूर्वेच्या खिडकीत नेला, त्यामुळे हवा पूर्वेकडून येऊन वरच्या झरोक्यातून बाहेर जायला लागली. सगळा खर्च एका खिडकीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आला. नव्या चौकटींची घट्ट रबरं आता हिवाळ्यात कामी येतात आणि धूळही कमी झाली आहे. म्हणजे ते ४० हजारही अगदीच वाया गेले नाहीत.

या वर्षी मे महिन्यात पुन्हा घरी गेले. दुपारी चारला खोलीत डोकावले तर अर्धवट अंधार होता, चिकेच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या आणि आजी गाढ झोपली होती. संध्याकाळी उठल्यावर मी तिला यू-व्हॅल्यू वगैरे समजावून सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''एवढं शिकायची काय गरज होती? चिक काढताना मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.''

खरं आहे. त्या खोलीत दिवसभर कोण राहतं, हे आम्हाला माहीत होतं. तिला काय हवं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. तुम्ही खिडकी बदलायचं ठरवलं असेल तर दुकानात जाण्याआधी एक दुपार त्या खोलीत बसून काढा. ऊन किती वाजता आणि कुठून येतं ते बघा. आणि त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला विचारा. आकडे त्यानंतर बघा.